वजन घटवण्याची शस्त्रक्रिया: विम्याची मंजुरी कशी मिळवावी आणि उरलेला खर्च कसा भागवावा

पूर्वमंजुरीच्या अर्जावर निर्णय घेणाऱ्या विमा कंपनीच्या डॉक्टरांनी रुग्णाला कधीही पाहिलेले नसते. जिना चढताना त्याला लागणारी धाप, रात्री झोपेत अडखळणारा श्वास, गुडघ्यांचे दुखणे किंवा दहा-बारा वर्षे वजनाशी चाललेली झटापट यांपैकी काहीही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यापुढे असते ती काही कागदांची फाइल आणि पॉलिसीतील एक कलम. त्या कलमातील प्रत्येक अट फाइलीतील कोणत्या तरी कागदाने पूर्ण होते की नाही, एवढे ते तपासतात आणि पुढच्या अर्जाकडे वळतात. म्हणून या शस्त्रक्रियेच्या पैशांची तयारी फाइलीपासून सुरू करावी, आणि ती शस्त्रक्रियेचा विचार पक्का होण्याच्याही आधी, तो मनात डोकावू लागल्यापासूनच करावी. रुग्णालयाकडून खर्चाचा अंदाज दोन दिवसांत मिळतो. सहा महिन्यांच्या नोंदी मिळायला मात्र सहा महिनेच लागतात, आणि मागच्या तारखेच्या नोंदी कोणताही प्रामाणिक डॉक्टर करून देत नाही.

पॉलिसीतील कलम शोधून पूर्ण वाचावे

पॉलिसी घेताना मिळालेले माहितीपत्रक या कामासाठी निरुपयोगी असते. अटी, व्याख्या आणि अपवाद यांसह संपूर्ण मजकूर असलेला पॉलिसीचा दस्तऐवज कंपनीकडून मागवून घ्यावा आणि त्यात ‘लठ्ठपणा’, ‘वजन नियंत्रण’ व ‘बॅरिअॅट्रिक’ (वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेसंबंधीचा) हे तिन्ही शब्द शोधावेत. पॉलिसी नोकरीतून मिळालेली असेल तर हा दस्तऐवज मनुष्यबळ विभागाकडे असतो, आणि तो मागताना कारण सांगण्याची गरज नसते.

शोधाअंती साधारणपणे तीनपैकी एक गोष्ट हाती लागते. एक तर अशी शस्त्रक्रिया सरसकट वगळलेली असते. दुसरे म्हणजे ती काही अटींवर मान्य केलेली असते. आणि तिसरे म्हणजे पॉलिसी त्याबाबत काहीच बोलत नाही. तिसऱ्या प्रकारात कंपनीकडून लेखी खुलासा मागवावा, कारण फोनवर मिळालेले ‘होऊन जाईल’ हे उत्तर दाव्याच्या वेळी कोणाच्याही लक्षात राहत नाही.

दुसऱ्या प्रकारात एक गफलत इतक्या वेळा होते की तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. अटी पुष्कळदा अपवादांच्या यादीतच लिहिलेल्या असतात. भारतातील विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांची जी प्रमाणित भाषा ठरवून दिली, तिच्यात ‘लठ्ठपणा, वजन नियंत्रण’ असे शीर्षक असलेला अपवाद आहे. शीर्षक वाचून अनेक जण पॉलिसी मिटवून ठेवतात. प्रत्यक्षात त्या कलमात म्हटले आहे ते असे की, पुढील सर्व अटी पूर्ण न करणाऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च दिला जाणार नाही. म्हणजेच अटी पूर्ण झाल्या तर या कलमाचा आधार घेऊन दावा नाकारता येत नाही. त्या अटी अशा: शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली असावी, तिला वैद्यकीय मार्गदर्शक पद्धतींचा आधार असावा, रुग्णाचे वय किमान १८ वर्षे असावे, आणि त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ४० किंवा त्याहून अधिक असावा, किंवा बीएमआय ३५ किंवा त्याहून अधिक असेल, तर कमी त्रासाचे उपाय निष्फळ ठरल्यानंतर, लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, तीव्र स्वरूपाचा स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास वारंवार थांबणे) किंवा नियंत्रणात नसलेला टाइप २ मधुमेह यांपैकी एक तरी आजार सोबत असावा.

आता या यादीत काय नाही ते पाहावे. उच्च रक्तदाब नाही, सांधेदुखी नाही, फॅटी लिव्हर नाही. बीएमआय ३७ असलेला आणि गुडघ्यांनी बेजार झालेला रुग्ण शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने अगदी योग्य असू शकतो आणि तरीही या कलमात बसत नाही. मधुमेहासमोरचा ‘नियंत्रणात नसलेला’ हा शब्दही दुर्लक्षून चालत नाही. तीन-तीन गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन ज्याने साखर कशीबशी आवरली आहे, त्याच्या अहवालातील आकडा चांगला दिसतो, आणि तो चांगला दिसण्यासाठी किती औषधे लागली हे डॉक्टरांच्या पत्रात ठळकपणे लिहिलेले नसेल तर तो आकडाच त्याच्या विरुद्ध जातो.

इतर देशांतील कलमांची रचनाही बरीचशी अशीच असते, कारण त्यांचे मूळ एकच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये तज्ज्ञांची परिषद भरवून ४० हा बीएमआय, किंवा गंभीर सहआजार असल्यास ३५, ही मर्यादा सुचवली, आणि जगभरातील विमा कंपन्यांनी ती उचलली. अमेरिकेतील ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेने २००६ मध्ये ३५ बीएमआय, किमान एक सहआजार आणि आधीच्या वैद्यकीय उपचारांचे अपयश अशा तीन अटींवर या शस्त्रक्रिया मान्य केल्या. दरम्यान वैद्यकशास्त्र पुढे गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतील आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन बॅरिअॅट्रिक शल्यचिकित्सक संघटनांनी संयुक्तपणे नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार ३५ च्या पुढे सहआजार नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस करता येते, चयापचयाचा आजार असल्यास ३० पासून तिचा विचार करता येतो, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी मर्यादा आणखी खाली, म्हणजे २७.५ पासून सुरू होते. पॉलिसी मात्र तिच्या छापील आकड्याला धरून चालते. डॉक्टर ‘तुम्ही पात्र आहात’ असे म्हणतात तेव्हा ते वैद्यकीय पात्रतेबद्दल बोलत असतात. विम्याच्या पात्रतेचा प्रश्न त्यांना वेगळा विचारावा लागतो.

याच वाचनात प्रतीक्षा कालावधीही पाहून घ्यावा. आधीपासूनच्या आजारांसाठी आणि ठरावीक शस्त्रक्रियांसाठी पॉलिसी सुरू झाल्यावर काही महिने किंवा काही वर्षे थांबावे लागते, आणि पॉलिसीचे नूतनीकरण चुकले तर हा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. शस्त्रक्रियेसाठी नवी पॉलिसी घ्यायची असेल तर प्रस्तावाच्या अर्जात उंची, वजन आणि सर्व आजार खरे लिहावेत. चार किलो कमी लिहून हप्ता थोडा वाचतो, पण दाव्याच्या वेळी जुने केस पेपर मागवले जातात आणि माहिती लपवल्याच्या कारणावरून दाव्याबरोबर पॉलिसीही हातची जाते.

दशांश चिन्हानंतरचा आकडा

बीएमआय म्हणजे किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. गणित सोपे आहे, पण त्यात उंचीचा वर्ग होतो, आणि सगळी गोम तेथेच आहे. समजा एका व्यक्तीचे वजन १०९ किलो आहे आणि उंची १६५ सेंटिमीटर. १.६५ चा वर्ग २.७२२५, त्याने १०९ ला भागले की ४०.०४ येतात, म्हणजे ती व्यक्ती कोणत्याही सहआजाराशिवाय पात्र ठरते. तिच्या जुन्या केस पेपरवर कोणी तरी पायातील चपलांसह मोजलेली १६७ सेंटिमीटर उंची लिहिली असेल तर उत्तर ३९.०८ येते आणि दावा नाकारण्यासाठी तेवढे पुरेसे असते. कॉलेजच्या दिवसांत मोजलेली उंची सांगण्याची सवय बहुतेकांना असते; चाळिशीनंतर मणका थोडा खचतो हे ध्यानात ठेवून उंची अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून, नव्याने मोजून घ्यावी आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तोच एक आकडा येईल याची काळजी घ्यावी. माझ्या पाहण्यातील एका फाइलीत तीन डॉक्टरांच्या तीन उंच्या होत्या, आणि त्यांचा खुलासा करण्यात पाच आठवडे गेले.

महिन्यामहिन्याच्या नोंदी

‘कमी त्रासाचे उपाय निष्फळ ठरले’ हे सिद्ध करणे हा या प्रक्रियेचा सर्वात वेळखाऊ भाग आहे. अनेक पॉलिसींमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली सलग तीन ते सहा महिने आहार व व्यायामाचा कार्यक्रम पूर्ण करण्याची अट असते. अमेरिकेतील बॅरिअॅट्रिक शल्यचिकित्सकांच्या संघटनेने या सक्तीला वैद्यकीय आधार नसल्याचे म्हटले आहे, आणि माझेही मत तसेच आहे. वर्षानुवर्षे डाएट करून थकलेल्या माणसाला आणखी सहा महिने डाएट करून दाखव म्हणण्यात उपचारापेक्षा दिरंगाईच अधिक आहे. तथापि पॉलिसीत अट आहे तोवर ती पाळण्यावाचून गत्यंतर नसते.

या काळात दर महिन्याला एक भेट झालीच पाहिजे आणि तिची लेखी नोंद झाली पाहिजे. नोंदीत तारीख, त्या दिवशीचे वजन, रक्तदाब, दिलेला आहार, सुचवलेला व्यायाम, रुग्णाने तो किती पाळला याविषयी दोन ओळी आणि डॉक्टरांची सही-शिक्का असावा. नुसते ‘डाएटचा सल्ला दिला’ असे लिहिलेली चिठ्ठी चालत नाही. ‘सलग’ हा शब्द विमा कंपन्या शब्दशः घेतात. प्रवासामुळे किंवा आजारपणामुळे एक महिना चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्या महिन्यापासून सुरू झाल्याची उदाहरणे आहेत. व्यायामशाळेच्या पावत्या, आहारतज्ज्ञाची बिले, पूर्वीच्या वजन घटवण्याच्या कार्यक्रमांची कागदपत्रे यांना स्वतंत्र पुरावा म्हणून फारसे वजन नसले तरी ती मुख्य नोंदींना आधार देतात, म्हणून टाकून देऊ नयेत. सेमाग्लुटाइडसारखी वजनावरील औषधे घेतली असतील तर ती केव्हा सुरू केली, कोणत्या मात्रेपर्यंत गेली आणि कोणत्या कारणाने थांबवली याचीही नोंद डॉक्टरांकडून करून घ्यावी. तोही ‘कमी त्रासाचा उपाय’च आहे.

या महिन्यांत एक विचित्र अडचण उद्भवते आणि तिची पूर्वकल्पना क्वचितच कोणी देते. १६५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ९७ किलो वजनाच्या मधुमेही रुग्णाचा बीएमआय ३५.६ असतो. त्याने देखरेखीखालील आहार इमानेइतबारे पाळला आणि अडीच किलो कमी केले की तो ३४.७ वर येतो, म्हणजे मर्यादेच्या खाली जातो. प्रयत्न केला म्हणून पात्रता गेली, असा हा प्रकार आहे. यावर उपाय म्हणून कोणत्या दिवशीचा बीएमआय धरला जाईल, म्हणजे कार्यक्रमाच्या पहिल्या दिवसाचा, अर्जाच्या दिवसाचा की शस्त्रक्रियेच्या दिवसाचा, हे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. शस्त्रक्रियेपूर्वी यकृत आकसावे म्हणून शल्यचिकित्सक साधारणपणे दोन आठवडे अत्यंत कमी उष्मांकाचा आहार देतात, त्यानेही वजन उतरते. म्हणून तो आहार सुरू होण्याआधीचे वजन स्वतंत्रपणे नोंदवलेले असावे. मर्यादा गाठण्यासाठी मुद्दाम वजन वाढवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. भूल आणि शस्त्रक्रिया या दोन्हींचा धोका त्याने वाढतो आणि मागील नोंदींच्या ओळीत ती अचानक चढण लगेच डोळ्यात भरते.

डॉक्टरांचे पत्र

फाइलीत एकच कागद नीट लिहिलेला असेल तर तो शल्यचिकित्सकाचे शिफारसपत्र असावा. रुग्णालयांत त्याचा एक छापील नमुना असतो, त्यात नाव आणि वजन भरून तो पाठवला जातो, आणि तो वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळते. पॉलिसीतील कलमाची प्रत डॉक्टरांपुढे ठेवून, प्रत्येक अट आणि तिला उत्तर देणारे एक वाक्य अशा क्रमाने पत्र लिहिण्याची विनंती करण्यात काहीही संकोच बाळगू नये. चांगले शल्यचिकित्सक अशा रुग्णाचे स्वागतच करतात.

पत्रात उंची, वजन आणि मोजल्याची तारीख असावी. प्रत्येक सहआजार निदानाच्या वर्षासह आणि सध्याच्या औषधांसह लिहिलेला असावा आणि त्याला तपासणीचा आधार असावा: मधुमेहासाठी एचबीए१सीचे (सुमारे तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणाऱ्या तपासणीचे) मागील दोन-तीन अहवाल, स्लीप अॅप्नियासाठी झोपेच्या तपासणीचा अहवाल, हृदयविकारासाठी इकोकार्डिओग्राम किंवा अँजिओग्राफीचा अहवाल. ‘रुग्ण घोरतो’ या वाक्याला विमा कंपनीच्या लेखी काही अर्थ नसतो. झोपेच्या तपासणीत ताशी किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला हा आकडा असतो, आणि तो ३० किंवा त्याहून अधिक असला की आजार तीव्र गणला जातो. प्रस्तावित शस्त्रक्रियेचे नेमके नाव असावे, कारण स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून टाकणे) आणि गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणे) यांना मान्यता देणारी पॉलिसी एखाद्या नव्या प्रकाराला प्रायोगिक ठरवू शकते, आणि दुर्बिणीतून पोटात बसवल्या जाणाऱ्या फुग्याला तर पुष्कळदा शस्त्रक्रियाच मानत नाही.

पत्राबरोबर आहारतज्ज्ञाचा आणि मानसोपचारतज्ज्ञाचा किंवा मानसशास्त्रज्ञाचा अहवाल बहुतेक ठिकाणी लागतो. दुसऱ्या अहवालाची अनेकांना धास्ती वाटते. ती तपासणी वेडाची नसते. शस्त्रक्रियेनंतर खाण्यात आयुष्यभर करावा लागणारा बदल रुग्णाला समजला आहे का, नैराश्य किंवा व्यसन असल्यास त्यावर उपचार चालू आहेत का, घरी आधार देणारे कोणी आहे का, हे तीत पाहिले जाते. नैराश्यावर औषध चालू असणे हे सहसा नकाराचे कारण ठरत नाही. ते लपवणे आणि नंतर औषधांच्या यादीत सापडणे अधिक महागात पडते.

पूर्वमंजुरी

अर्ज रुग्णालयाच्या विमा कक्षातून जातो, पण तो पाठवण्यापूर्वी त्याची संपूर्ण प्रत स्वतः वाचावी आणि आपल्याजवळ ठेवावी. नाव, जन्मतारीख आणि पॉलिसी क्रमांक यांतील चुकांमुळे परत आलेल्या अर्जांची संख्या कमी नाही. निदानाचा संकेतांकही पाहावा: आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत लठ्ठपणासाठी ई६६ हा गट आहे, आणि त्यासोबत सहआजारांचे संकेतांकही लिहिलेले असावेत.

रुग्णालय कंपनीच्या जाळ्यात, म्हणजे तिच्याशी करार केलेल्यांच्या यादीत, आहे म्हणजे तेथील प्रत्येक डॉक्टर आहे असे गृहीत धरू नये. काही देशांत शल्यचिकित्सक जाळ्यातील आणि भूलतज्ज्ञ जाळ्याबाहेरचा अशी स्थिती असते आणि भूलतज्ज्ञाचे बिल वेगळे येते. खोलीच्या भाड्याला पॉलिसीत मर्यादा असेल आणि रुग्णाने वरच्या वर्गाची खोली घेतली, तर काही पॉलिसी केवळ भाड्यातील फरक न कापता इतर खर्चही त्याच प्रमाणात कापतात. रोबोटच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेवर वेगळी उपमर्यादा असू शकते. पोटाचा भाग कापून शिवण्यासाठी वापरली जाणारी स्टेपलरची काडतुसे एकदाच वापरता येतात, एका शस्त्रक्रियेत ती अनेक लागतात आणि बिलाचा मोठा हिस्सा तीच खातात. ती ‘वापरून टाकायच्या वस्तू’ म्हणून वगळली जाणार का, हे आधी विचारावे. कंपनीशी फोनवर झालेल्या प्रत्येक बोलण्याची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव आणि संदर्भ क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा आणि त्याच दिवशी बोलण्याचा सारांश ईमेलने पाठवावा.

मंजुरीपत्र आल्यावर त्यावरील मुदत पाहावी, कारण ते ठरावीक दिवसांपुरतेच वैध असते. मंजूर रक्कम ही अंतिम रक्कम नसते. प्रत्यक्षातील बिल वाढले तर वाढीव रकमेसाठी पुन्हा मंजुरी लागते, आणि ती डिस्चार्जच्या दिवशी दुपारपर्यंत अडकून राहू शकते. त्या दिवशी हाताशी थोडी रक्कम असलेली बरी.

नकार आल्यास

पहिल्या नकाराने खचून जाऊन अनेक जण स्वतःचे पैसे भरतात किंवा शस्त्रक्रियेचा नाद सोडतात. दोन्ही गोष्टी करण्याआधी नकाराचे कारण लेखी मागवावे आणि ते कोणत्या कलमावर आधारलेले आहे ते विचारावे. कारणांचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो.

कागद कमी पडल्याचे कारण असेल तर ते कागद पुरवावेत, एवढाच तो प्रश्न असतो. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही असे म्हटले असेल तर शल्यचिकित्सकाने कंपनीच्या डॉक्टरांशी थेट बोलण्याची विनंती करावी; दहा मिनिटांच्या अशा संभाषणाने जे सुटते ते पत्रव्यवहाराने कधीकधी दोन महिन्यांत सुटत नाही. त्यानंतरच्या लेखी अपिलात संतापाला जागा नसावी. पॉलिसीचे कलम उद्धृत करून प्रत्येक अटीपुढे पुरावा द्यावा आणि डॉक्टरांच्या पुरवणी पत्रात वैद्यकीय आधार मांडावा: ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ या दीर्घकालीन अभ्यासाने २००७ मध्ये दाखवले की शस्त्रक्रिया झालेल्या गटात एकूण मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा कमी होते, आणि २०१६ मध्ये मधुमेहाच्या अनेक आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून टाइप २ मधुमेहाच्या उपचारांच्या क्रमात या शस्त्रक्रियेला स्थान दिले. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया असा शेरा कंपनीने मारला असेल, तर अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ मध्ये लठ्ठपणाला आजार म्हणून मान्यता दिल्याचा दाखलाही उपयोगी पडतो.

पॉलिसीतच ही शस्त्रक्रिया सरसकट वगळलेली असेल तर मात्र वैद्यकीय युक्तिवाद कितीही भक्कम असला तरी अपिलात वेळ घालवू नये. तेथे दुसरे मार्ग शोधावे लागतात. गट विम्यातील अपवाद हा अनेकदा नोकरी देणाऱ्या संस्थेने हप्ता कमी ठेवण्यासाठी स्वीकारलेला असतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी तो काढता येतो. तसा अर्ज एकट्याने करण्यापेक्षा चार सहकाऱ्यांनी मिळून केला तर त्याची दखल घेतली जाते. घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या गट विम्यात जोडीदाराचा समावेश होत असेल तर त्या पॉलिसीचे कलमही वाचून पाहावे.

मुदतींकडे दुर्लक्ष करून चालत नाही. अमेरिकेत नकाराची सूचना मिळाल्यापासून अंतर्गत अपिलासाठी साधारणपणे १८० दिवस मिळतात, आणि तेही फेटाळले गेल्यास चार महिन्यांच्या आत कंपनीबाहेरील स्वतंत्र तज्ज्ञांकडून पुनरावलोकन मागता येते. भारतात आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा महिन्याभरात उत्तर दिले नाही, किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाकडे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. ब्रिटनसारख्या ठिकाणी, जेथे सरकारी आरोग्य सेवा ही शस्त्रक्रिया करते, तेथे भांडण पैशांऐवजी रांगेशी असते: विशेष वजन व्यवस्थापन सेवेतून गेल्याशिवाय शस्त्रक्रियेची शिफारस सहसा होत नाही, म्हणून तिच्याकडे पाठवण्याची विनंती कुटुंबाच्या डॉक्टरांकडे जितक्या लवकर करता येईल तितकी करावी.

स्वतः पैसे भरायचे असतील तर

विम्याचा मार्ग खरोखरच बंद असेल तर रुग्णालयाकडून पॅकेजचा दर मागवावा, आणि त्या एका आकड्यापेक्षा त्यात काय येत नाही याची यादी अधिक बारकाईने वाचावी. आधीच्या तपासण्या, भूलतज्ज्ञ, स्टेपलरची काडतुसे, अतिदक्षता विभागातील एक दिवस, घरी न्यायची औषधे आणि पहिल्या वर्षातील भेटी या गोष्टी एका ठिकाणी पॅकेजमध्ये असतात आणि दुसऱ्या ठिकाणी नसतात. त्यामुळे दोन रुग्णालयांच्या नुसत्या आकड्यांची तुलना फसवी ठरते. सर्वात महत्त्वाचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. स्टेपलच्या रेषेतून गळती झाली तर पुन्हा शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग आणि कित्येक आठवड्यांचे वास्तव्य लागू शकते. असे क्वचितच होते, पण झाले तर मूळ पॅकेजच्या कित्येक पट खर्च येतो. तो कोण भरणार, किती दिवसांपर्यंतचा पॅकेजमध्ये धरलेला आहे, आणि स्वखर्चाने केलेल्या शस्त्रक्रियेच्या गुंतागुंतीला आपली चालू पॉलिसी संरक्षण देते का, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय अनामत भरू नये.

कर्ज घेताना मासिक हप्ता किती बसतो एवढेच पाहून ठरवू नये. प्रक्रिया शुल्क, मुदतपूर्व फेडीचा दंड आणि पूर्ण मुदतीत जाणारे एकूण व्याज यांची बेरीज करावी. ‘अमुक महिने बिनव्याजी’ अशा योजनांपैकी काहींमध्ये मुदतीत संपूर्ण रक्कम फिटली नाही तर पहिल्या दिवसापासूनचे व्याज एकदम लागू होते. शस्त्रक्रियेनंतर दोन ते चार आठवडे कामावर जाता येत नाही, शारीरिक कष्टाच्या कामात हा काळ आणखी वाढतो, आणि ती रजा बिनपगारी असेल तर तोही खर्चच आहे. निवृत्तीच्या निधीतून पैसे काढण्याचा मोह मी शेवटचा ठेवीन. त्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात सवलतीची किंवा धर्मादाय निधीची चौकशी करावी. विचारणाऱ्यालाच तो मिळतो, हा सगळीकडचा अनुभव आहे.

स्वस्त पडते म्हणून परदेशात जाऊन शस्त्रक्रिया करून घेण्याचा पर्यायही पुढे येतो. तेथील शल्यचिकित्सक उत्तम असू शकतात. प्रश्न परतल्यानंतरचा असतो. गळतीची लक्षणे घरी आल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही दिसू शकतात, आणि दुसऱ्याने केलेल्या शस्त्रक्रियेची जबाबदारी घ्यायला स्थानिक डॉक्टर सहसा राजी नसतात. प्रवास विमा आधीच ठरवलेल्या शस्त्रक्रियेला आणि तिच्या परिणामांना साधारणपणे संरक्षण देत नाही. जायचेच असेल तर पुढची तपासणी करायला तयार असलेला स्थानिक डॉक्टर निघण्यापूर्वी ठरवून ठेवावा आणि शस्त्रक्रियेचा तपशीलवार अहवाल हाती घेतल्याशिवाय परतू नये.

नंतरची वर्षे

शस्त्रक्रियेचे बिल एकदाच येते, पण तिच्यामागून येणारा खर्च आयुष्यभर चालू राहतो. बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या पूरक गोळ्या कायमच्या घ्याव्या लागतात, पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी रक्ततपासणी करावी लागते, आणि विमा यातले बरेचसे देत नाही. वजन वेगाने उतरत असताना पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. ती शस्त्रक्रिया करावी लागली तर तिचा दावा वेगळा करावा. खर्चाच्या वहीत दुसरी बाजूही मांडावी, कारण मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पुष्कळांची कमी होतात आणि काहींची बंदही होतात.

दुसऱ्या शस्त्रक्रियेविषयीचे कलम पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच वाचून ठेवावे. ‘आयुष्यात एकदाच’ अशी मर्यादा काही पॉलिसींत असते, आणि वजन पुन्हा वाढले तर त्यातून सवलत मिळत नाही. मात्र जठराभोवती बसवलेला बँड सरकणे, अरुंद झालेला जोड किंवा तीव्र आम्लपित्त यांसारखी दोषदुरुस्ती गुंतागुंतीच्या उपचारांत मोडते आणि तिचा दावा त्या नावानेच करावा लागतो.

पोटाची सैल लोंबणारी त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रियेला विमा कंपन्या सौंदर्यशस्त्रक्रिया मानतात. तिला अपवाद करून घ्यायचा असेल तर त्वचेच्या घडीत वारंवार होणारा संसर्ग आणि त्यावरील उपचारांचे अपयश दाखवावे लागते. म्हणून घडीत पहिल्यांदा पुरळ उठेल तेव्हा औषधाच्या दुकानातून मलम आणून लावण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, तारखेसह छायाचित्र काढून घ्यावे, औषधाची चिठ्ठी आणि पावती जपावी, पुरळ पुन्हा उठल्यास पुन्हा जावे, आणि हे कागद आधीच्याच फाइलीत, शस्त्रक्रियेच्या डिस्चार्ज समरीच्या मागे लावत जावेत.